यंत्राची परीक्षा आणि पाण्याची खेप

नदीकाठच्या एका उंच दरडीवर तांबटांचे गाव वसले होते, आणि एकदा त्या गावाला मोठा पेच पडला. त्या गावची तांब्याची घागर पिढ्यान्‌पिढ्या पंचक्रोशीत नावाजलेली. तिच्या अंगावर हातोडीचे बारीक ठसे ओळीने उमटवलेले असत. त्या ठशांना ते लोक मठार म्हणत. घागर उन्हात धरली की ते ठसे एकेक करून लखलखत, आणि पाहणारा न विचारता सांगे की ही त्या गावची. एवढी कीर्ती वाट्याला आली की माणसाला थोडा ताठा येतोच. तांबटांनाही तो आला होता.

पण गेली काही वर्षे यात्रेच्या बाजारातून घागरींच्या राशी जशाच्या तशा परत येऊ लागल्या होत्या. नदीपलीकडच्या शहरातून साध्या, बिनठशांच्या घागरी येत आणि बायका त्याच उचलून नेत. तांबट म्हणू लागले की लोकांना पारख राहिली नाही. दुकान चालेनासे झाले की दुकानदाराला गिऱ्हाईक मूर्ख वाटू लागते, ही जगाची जुनीच रीत आहे. दरम्यान गावातल्या काही भट्ट्या विझल्या, आणि काही घरांनी संसार गाडीत घालून नदी ओलांडली.

गावातल्या सर्व कारागिरांची मिळून एक श्रेणी होती. श्रेणीचे प्रमुख एक वृद्ध आचार्य होते. त्यांना कानांनी थोडे कमी ऐकू येई. निदान जे ऐकायचे नसे ते तरी मुळीच ऐकू येत नसे. रेवण हा त्यांचा सर्वांत तयार शिष्य. वडील गेले तेव्हा रेवण लहान होता. थोरल्या भावाने, चांगोजीने, घण उचलला आणि धाकट्याला आचार्यांच्या हाताखाली ठेवले. रेवण घडणकाम शिकला, नव्या आकृत्या काढू लागला, लोक त्याला मानू लागले. चांगोजी मात्र तेच एक काम करीत राहिला. तांब्याची लगड तापवायची आणि घणाने ठोकून ठोकून तिचा पत्रा वाढवायचा. गावातल्या निम्म्या घागरी चांगोजीच्या पत्र्यातून निघत.

आता त्याच चांगोजीने भावाला सांगून ठेवले होते, "ही यात्रा बघतो, रेवण. याही वेळी माल परत आला, तर मी पलीकडे जाणार. पोरांच्या तोंडात काही पडायला हवं."

भाऊ गेला तर या गावात आपले म्हणायला कोण उरणार, हा विचार रेवणला स्वस्थ बसू देईना.

शेवटी श्रेणीने ठरवले की नवे यंत्र आणायचे. देशोदेशी पाण्याच्या जोरावर चालणारी यंत्रे निघाली होती, आणि तसा ओढा गावाला होता. सामाईक पेटीत मात्र एकाच यंत्रापुरते द्रव्य होते. निवड चुकली तर दुसरी संधी नव्हती. यंत्रे पारखण्याचे काम आचार्यांनी रेवणवर सोपवले.

रेवणने पारखण्याची पद्धत ठरवली, आणि ती ऐकून सगळे खूश झाले. त्या गावात एक वहिवाट होती. ज्याला श्रेणीत यायचे असेल त्याने वडीलधाऱ्यांसमोर एक घागर घडवायची. ते तिचा काठ पाहणार, बूड पाहणार, बोटाच्या पेराने टिचकी मारून नाद ऐकणार, आणि मठाराच्या ओळी सरळ आहेत की नाहीत हे उन्हात धरून तपासणार. रेवण म्हणाला, "जी परीक्षा आम्ही दिली तीच यंत्रांनी द्यावी. यात कोणावर अन्याय नाही." माणसाला लावतो तीच फूटपट्टी यंत्राला लावायची, यात चूक ती काय असणार, असे सर्वांना वाटले.

ठरल्या दिवशी तीन व्यापारी आपापली यंत्रे घेऊन आले. ओढ्याकाठी मांडव घातला होता.

पहिल्या व्यापाऱ्याने गरगर फिरणाऱ्या साच्यावर तांब्याची चकती दाबून बघता बघता घागर ओढून काढली. ती गुळगुळीत होती आणि झटपट झाली होती. वडीलधाऱ्यांनी ती हातात घेतली, फिरवली आणि नाक मुरडले. एक म्हातारा म्हणाला, "ही घागर आहे की मुंडण केलेलं डोकं?" झाले, तिचा निकाल लागला.

दुसऱ्या व्यापाऱ्याच्या यंत्रात लाकडी चाकावर छोट्या छोट्या हातोड्यांची रांग बसवलेली होती. चाक फिरे तशा त्या घागरीवर पडत आणि मठाराच्या ओळीमागून ओळी उमटत. इतक्या सरळ, इतक्या दाट, की घागरीवरून हात फिरवूनही माणसाने केलेले कोणते आणि यंत्राचे कोणते हे सांगता येईना. नाद घेतला, तोही आपल्याच घागरीचा. म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले. कोणी म्हणाले, हे यंत्र मागच्या जन्मी तांबटच असणार.

तिसऱ्याचे यंत्र दिसायला अगदीच साधे होते. लोखंडाच्या दोन जाड, लाटण्यासारख्या फिरणाऱ्या लाट्या एकावर एक बसवलेल्या. मध्ये तांब्याची लगड सारली की पलीकडून पत्रा निघे.

"घागर कुठे आहे?" रेवणने विचारले.

"हे घागर करत नाही, महाराज," व्यापारी म्हणाला. "हे पत्रा करतं. एकसारख्या जाडीचा."

मांडवात हशा पिकला. "पत्रा करायला आमच्याकडे चांगोजी आहे," कोणीतरी म्हणाले. चांगोजीही हसला. रेवणने हात जोडून सांगितले, "शेठजी, परीक्षा घागरीची आहे. जे यंत्र घागरच करत नाही त्याची परीक्षा काय घेणार?" व्यापाऱ्याने मुकाट्याने यंत्र गाडीवर चढवायला घेतले. तेवढ्यात आचार्य काठी टेकत त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "उन्हाचे दिवस आहेत. बैलांना थोडा विसावा द्या. धर्मशाळेत सोय होईल." म्हाताऱ्यांचे अगत्य म्हणून कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

रेवणने निकाल सांगितला. हातोड्यांचे यंत्र घ्यावे. आपल्या गावची ओळख राखून ते वेगाने माल देईल. सभेने माना डोलावल्या. आता विसार देऊन सौदा पक्का करायचा एवढेच राहिले.

तेव्हा आचार्य म्हणाले, "निकाल ऐकला. विसाराआधी एक काम राहिलंय. उद्यापासून आपली पाणपोई सुरू होते. या वर्षी नदीवरून पाणी रेवण भरेल. एक दिवस आपल्या घागरीनं, एक दिवस यंत्राच्या घागरीनं. मी सांगेन तोवर."

रेवणला वाटले आपण चुकीचे ऐकले. "बाबा, पाण्याला गडी लावतो की दोन. यात्रा तोंडावर आली आहे. मला सौद्याचं बघू द्या."

"गडी कशाला? तू धडधाकट आहेस."

"पण यातून यंत्राचं काय कळणार?"

आचार्यांना हा प्रश्न ऐकू आला नाही.

सभेत कुजबुज झाली. साठी बुद्धी नाठी, असे एकजण बोललासुद्धा. रेवणचा चेहरा उतरला. गावातला सर्वांत नावाजलेला घडणकार, आणि त्याने भर यात्रेच्या तोंडावर पाणक्या व्हायचे. पण गुरूची आज्ञा मोडण्याची रीत त्याच्या घराण्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हातची घागर घेऊन तो नदीवर उतरला.

उतरताना काही कळले नाही. चढताना सगळे कळले. अर्ध्या वाटेवर त्याची कंबर भरून आली, खांद्यावर घ्यावी तर घागर तिथेही स्वस्थ बसेना. धापा टाकत तो पाणपोईशी पोहोचला आणि घागर रांजणात रिकामी केली, तेव्हा रांजणाच्या बुडाशी जेमतेम पाणी दिसले. त्याला आपल्या श्रमांच्या मानाने ते फारच थोडे वाटले. त्याने घागरीत डोकावून पाहिले, जणू पाणी आतच कुठे राहून गेले असावे.

नदीवर बायकांना आयतीच करमणूक मिळाली. त्यांच्यात तुळजा नावाची एक पोक्त बाई होती. तोंडाने फटकळ, मनाने मोकळी. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "का हो तांबटदादा, घागर घडवणं सोपं का वाहणं?"

रेवण ओशाळून हसला. त्याचे लक्ष तिच्या कमरेवरच्या घागरीकडे गेले. पलीकडच्या शहराची, साधी, जागोजागी पोचे पडलेली. त्याच्यातला कारागीर गप्प बसेना. "आक्का, अशी पोचट घागर कशाला घेतलीत? आमची घेतली असती तर नातवंडांनी वापरली असती."

"तुमची हाय की माझ्याकडं," तुळजा म्हणाली. "लेकीच्या लग्नात रुखवतात मांडायला घेतली होती. समद्यांनी लई नावाजली बघा. आता फडताळावर असती. दिवाळीला चिंचेनं घासायची, पुन्हा वर ठेवायची."

"पाण्याला नाही नेत?"

"पाण्याला? अवो, नाकापरीस मोती जड. ती भरून चढ चढायचा म्हंजी पाणी कमी न् तांबंच जास्त वाहायचं. ही पोचट हाय खरी. वरीसभरात बूड जातं हिचं. पर तवर कंबर तरी शाबूत ऱ्हाती." एवढे बोलून ती भरल्या घागरीनिशी चढ चढून गेलीसुद्धा.

रेवण तिथेच उभा राहिला. आपली घागर लोकांना आवडत नाही, असे त्याने ऐकले असते तर त्याला राग आला असता. पण लोकांना ती आवडत होती. इतकी आवडत होती की त्यांनी ती फडताळावर ठेवून दिली होती. हे ऐकून त्याला राग आला नाही, वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी त्याने यंत्राची घागर घेतली. ठसे तसेच, नाद तसाच, आणि चढावर कंबर भरून येण्याची जागाही तीच. ती रतीभरही हलकी नव्हती. पाणपोईच्या सावलीत बसून घाम पुसताना त्याच्या मनात आले की हे यंत्र विकत घेऊन आपण नेमके काय करणार आहोत? ज्या घागरी बाजारातून परत येतात त्याच अधिक वेगाने घडवणार आहोत. परत येणाऱ्या राशी तेवढ्या उंच होतील. त्याचे त्यालाच हसू आले आणि मग घाबरायलाही झाले, कारण हा निकाल त्याने स्वतःच्या तोंडाने दिला होता.

मग आपली घागर एवढी जड का? हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. घागर जडच असते, जसे मीठ खारट असते. दुपारी तो चांगोजीच्या भट्टीवर जाऊन बसला. चांगोजी लगड ठोकत होता. घण पडे, पत्रा वाढे. रेवणने कडेला पडलेला एक तुकडा उचलून चिमटीत धरला आणि बोटे सरकवली. तांबे कुठे जाड लागे, कुठे पातळ.

"दादा, हा आणखी पातळ का नाही करत?"

"करतो की. फाटेल," चांगोजी घण न थांबवता म्हणाला. "घणाखाली पत्रा सगळीकडं सारखा होत नाही. कुठंतरी पातळ राहतोच. त्या पातळ जागेला जपायचं तर बाकीचा जाड ठेवावा लागतो. आजोबापण असंच करायचे."

म्हणजे एका पातळ जागेच्या भीतीने सगळी घागर जड होत होती. आणि एकसारख्या जाडीचा पत्रा काढणारे यंत्र धर्मशाळेच्या अंगणात गाडीवर बांधून पडले होते, कारण त्याला घागर करता येत नव्हती.

रेवणला उठून धावावेसे वाटले. पण तो उठला नाही. समोर त्याचा भाऊ घण उचलत होता. ते यंत्र गावात आले तर सगळ्यांत आधी कोणाचा घण खाली बसणार, हे त्याला त्याच क्षणी दिसले. ज्याला थांबवून ठेवण्यासाठी ही सगळी धडपड चालली होती, त्याच्याच हातातले काम आपण काढून घेणार. गप्प राहिलो तर कोणाला कळणार आहे? हातोड्यांचे यंत्र येईल, सभा खूश, चांगोजीचा पत्राही चालू राहील. निदान एक यात्रा होईपर्यंत.

तो तसाच आचार्यांकडे गेला आणि त्यांच्यापुढे बसला. मग त्याने सगळे सांगून टाकले. तुळजाची घागर, दादाचा पत्रा, आणि आपली भीतीसुद्धा.

आचार्य म्हणाले, "तू यंत्रांना कोणता प्रश्न विचारलास, आठव. श्रेणीत येताना मी तुला जो विचारला होता तोच. 'तुला आमच्यासारखं करता येतं का?' उमेदवाराला तो प्रश्न योग्य आहे, त्यानं आपली विद्या पुढं न्यायची असते. पण दारात आलेल्या नव्या साधनाला हाच प्रश्न विचारला, तर जे आपली नक्कल करतं तेच पास होणार. नक्कल आपल्यापुढं कशी जाईल, बाबा? ती आपल्या गुणांसकट आपला दोषही उचलते. म्हणून साधनाचे गुण बघायच्या आधी आपल्या वस्तूचं दुखणं बघावं. आणि वस्तूचं दुखणं घडवणाऱ्याच्या हाताला कळत नाही, वापरणाऱ्याच्या कमरेला कळतं. तुला मी पाण्यावर पाठवलं ते एवढ्यासाठी."

"ते कळलं, बाबा. पण दादाचं काय?"

आचार्य म्हणाले, "तेही पारखीतच येतं. नवं यंत्र काय देतं एवढंच मोजणारा अर्धाच पारखी. कोणाचं काय घेतं हेही मोजायचं. आणि ज्याचं जाणार आहे त्याला सभेत नाही, सभेच्या आधी, समोर बसून सांगायचं. मग तो जे म्हणेल ते कानांनी ऐकायचं. माझ्यासारखं नाही." ते स्वतःशीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणने चांगोजीला सांगितले. आडवळण घेतले नाही, गोड बोलला नाही. चांगोजीने ऐकून घेतले. मग घण बाजूला ठेवून म्हणाला, "म्हणजे मी नको."

"असं मी म्हणालो नाही, दादा."

"वेगळं काय म्हणालास? तुला शिकवायला हा घण चालला. आता तू शिकलास, तर घणच नको." त्याचा आवाज चढला नाही, पण तो भावाकडे न बघता बाहेर निघून गेला. रेवण भट्टीपाशी बसून रडला. ज्याचे जळते त्यालाच कळते, आणि आपण त्याला शहाणपण सांगायला गेलो, असे त्याला वाटले. त्या दिवशी त्याने पाणपोईच्या खेपा कशा घातल्या हे त्याचे त्यालाच आठवत नव्हते.

संध्याकाळी तो धर्मशाळेकडे गेला, तर अंगणात चांगोजी आधीच उभा होता. तो यंत्राभोवती फिरत होता, लाट्यांवरून हात फिरवत होता. रेवणला पाहून म्हणाला, "मला काढणारं हे आहे तरी कसं, ते बघायला आलो."

व्यापारी भला माणूस होता. त्याने ओढ्याकाठी यंत्र पुन्हा जोडले आणि दुसऱ्या दिवशी गावच्या तांब्याची एक लगड आत सारली. पत्रा सरसर निघाला, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्याच्या कडा तडकल्या. व्यापारी डोके खाजवू लागला. त्याच्याकडचे तांबे जरा मऊ असे. चांगोजीने तडकलेली कड बोटाने दाबून पाहिली, पत्रा भट्टीत धरला, रंग बघून बाहेर काढला, निवू दिला आणि म्हणाला, "आता सारा." पत्रा न तडकता गेला. मग दोघेही कामाला लागले. व्यापाऱ्याने त्याला लाट्यांमधले अंतर कसे राखायचे ते दाखवले, त्याने व्यापाऱ्याला या तांब्याला केव्हा ताव द्यायचा, म्हणजे तापवून मऊ करायचे, ते दाखवले. शेवटी जो पत्रा निघाला तो रेवणने चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. पातळ होता, आणि सगळीकडे सारखा होता.

आता रेवणची पाळी होती. पातळ पत्रा मऊ असतो. नुसता वळवला तर पलीकडच्या घागरीसारखे पोचे पडणार आणि बूड जाणार. हातोडीच्या ठोक्याने तांबे कठीण होते, हे तर त्याच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मठार मुळात त्यासाठीच होता. पुढे तो शोभा होऊन बसला. रेवणने घागर घडवली आणि ठसे सगळ्या अंगभर न देता जिथे घागर टेकते तिथे बुडाला आणि जिथे आपटते तिथे खांद्याला दिले. बाकीचे अंग साधे ठेवले. कमरेवर बसावी म्हणून कुशीला थोडा उतार दिला. हा उतार त्याच्या कोणत्याही जुन्या आकृतीत नव्हता. तो त्याला नदीच्या चढावर सुचला होता.

ती घागर घेऊन तो स्वतः एक खेप करून आला, मग तुळजाच्या हातात दिली. तिने ती भरली, कमरेवर घेतली, वर जाऊन खाली आली, आणि पालथी करून बुडावर दोन बुक्क्या हाणल्या. काहीच झाले नाही. "ही इकणार हाय का रुखवतातच मांडायची?" तिने विचारले. रेवणला एवढी पावती पुरे होती.

सभा भरली. रेवणने आपला आधीचा निकाल मागे घेतला आणि लाट्यांचे यंत्र घ्यावे असे सांगितले. मोठा गदारोळ उठला. "जे परीक्षेत नापास झालं ते घ्यायचं?" एका म्हाताऱ्याने विचारले. "मग परीक्षेला अर्थ काय?"

"यंत्र नापास झालं नव्हतं, काका," रेवण म्हणाला. "परीक्षा चुकीची होती, आणि ती मी काढली होती. आपण बघत होतो कोण आपल्यासारखं करतं. बघायला हवं होतं आपल्याला काय जमत नाही. आपल्याला पातळ, सारखा पत्रा जमत नाही, म्हणून आपली घागर फडताळावर बसली आहे. हवं तर ही नवी घागर घ्या आणि एकदा नदीवर जाऊन या."

काहीजण खरेच गेले. गुळगुळीत घागरीला मुंडण केलेले डोके म्हणणारा म्हाताराही त्यांत होता, आणि परत आल्यावर तो नव्या घागरीच्या साध्या अंगावरून हात फिरवत आपल्या जागी बसला.

श्रेणीत मत देण्याची एक पद्धत होती. ज्याला ठराव मान्य असेल त्याने आपले हत्यार उचलून आचार्यांपुढे नेऊन ठेवायचे. पण हे मत साधे नव्हते. सगळ्यांना ठाऊक होते की या यंत्राने पहिला घाव कोणावर पडणार. कोणीही उठेना. सगळे चांगोजीकडे बघत होते, आणि रेवण तेवढा खाली मान घालून बसला होता.

चांगोजी उठला. त्याने आपला घण उचलला, आचार्यांपुढे ठेवला आणि सभेकडे वळून म्हणाला, "हा मी आनंदानं ठेवत नाही. चार दिवस झोप नाही मला. पण भावानं मला हे मागून नाही, तोंडावर सांगितलं, म्हणून मी ते यंत्र बघायला तरी गेलो. यंत्राला तांब्याचा ताव कळत नाही, तो मला कळतो. ते माणसाशिवाय चालणार नाही, आणि तो माणूस मी होईन. माझ्यासारखे जे घणवाले आहेत त्यांनाही घ्या. एवढी अट लिहून ठेवू नका, लक्षात ठेवा."

मग एकेकाच्या हातोड्या येऊ लागल्या आणि घणाभोवती त्यांचा ढीग झाला. रेवण सगळ्यांत शेवटी उठला. हातोडी ठेवायला वाकला तेव्हा चांगोजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारले, "आपल्या आजोबांना हा पत्रा दाखवायला मिळाला असता, तर काय म्हणाले असते रे?" रेवणने आपली हातोडी दादाच्या घणाला टेकवून ठेवली.

आचार्यांनी त्या ढिगाकडे पाहिले. मग ते म्हणाले, "चांगोजी, उद्या ओढ्यावर लवकर ये. मलाही ताव कधी द्यायचा ते बघायचंय."

भविष्य दारात येऊन उभे राहिले की त्याला 'तू आमच्यासारखे आहेस का' असे विचारण्याचा मोह सर्वांनाच होतो. त्यापेक्षा 'आमचे कुठे दुखते ते तुला कळते का' असे विचारावे, आणि ते विचारण्याआधी ते आपल्याला तरी कळले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.